एंटर दाबल्यावर आधी काय होतं?

“फाइलमध्ये चाळीस नावं होती. ती क्रमाने लावायला एक कमांड दिली. एररसुद्धा आली नाही. फाइल उघडून बघतो तर आत एक अक्षर नाही! नावं गेली कुठे?”

लिनक्स शिकायला लागलेला माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. त्याने दिलेली कमांड बहुतेक वेळा अशी असते:

सॉर्ट वर्गणी > वर्गणी

वाचायला सरळ आहे. वर्गणी नावाची फाइल घे, तिच्यातल्या ओळी क्रमाने लाव आणि निकाल त्याच फाइलमध्ये ठेव. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आधी सॉर्ट होईल आणि मग साठवण होईल असं आपण धरून चालतो. शेल मात्र हा क्रम पाळत नाही. एंटर दाबल्यापासून सॉर्ट सुरू होईपर्यंत एका क्षणाचाही वेळ जात नाही, पण तेवढ्यात शेलने बरीच कामं उरकलेली असतात. ती कोणती आणि कोणत्या क्रमाने होतात, हे या प्रकरणात पाहू. ते समजलं की स्क्रिप्टमध्ये जागोजागी दिसणारे >, <, २>&१ आणि $( ) पाठ करावे लागत नाहीत.

वाचण्यापूर्वी एक सूचना. इथे कमांडची नावं, त्यांचे पर्याय आणि आकडे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी कळांनीच टाइप करायचे. डेट, सॉर्ट, कॅट, एको ही नावं उच्चाराप्रमाणे आहेत. एलएस, डब्ल्यूसी यांसारखी नावं एकेक अक्षर सुटं वाचून टाइप करायची. फाइलींची नावं मात्र लिनक्सवर खरोखर मराठीत ठेवता येतात, त्यामुळे ‘वर्गणी’ ही फाइल याच नावाने बनवून पाहायला हरकत नाही.

१. वाचतं कोण आणि काम करतं कोण

टर्मिनलच्या खिडकीत आपण लिहिलेली ओळ सॉर्टला किंवा एलएसला थेट मिळत नाही. ती आधी शेल वाचतं. शेल हाही एक प्रोग्रॅमच आहे. ओळ वाचायची, तिच्यातल्या खास चिन्हांचा अर्थ लावायचा, हवी ती जोडणी करायची आणि मग मागितलेला प्रोग्रॅम सुरू करून द्यायचा, एवढं त्याचं काम. लिनक्सवर सहसा बॅश हे शेल असतं. ब्रायन फॉक्स यांनी ते ग्नू प्रकल्पासाठी लिहिलं आणि १९८९ मध्ये ते बाहेर आलं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून झी-शेल हे मुख्य शेल आहे. या प्रकरणातली उदाहरणं बॅश समोर ठेवून दिली आहेत.

शेल आधी आणि प्रोग्रॅम नंतर, याची खात्री एका छोट्या प्रयोगाने करून घेता येते. एको या कमांडचं काम दिलेले शब्द जसेच्या तसे परत छापणं, एवढंच असतं. आता ही ओळ द्या:

एको *

पडद्यावर तारा उमटत नाही. त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं उमटतात. एकोला फाइली शोधता येत नाहीत. शेलने * पाहिला, त्याच्या जागी फाइलींची नावं भरली आणि मग ती नावं एकोच्या हाती दिली. मूळ ओळीत * होता, हे एकोला कळलंसुद्धा नाही.

हीच गोष्ट पुढच्या प्रत्येक चिन्हाला लागू आहे. >, < आणि $( ) ही चिन्हं शेलसाठी आहेत. शेल ती ओळीतून उचलून घेतं, आणि प्रोग्रॅमच्या हाती पडते ती चिन्हं काढून टाकलेली ओळ.

२. तीन तारा

सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला बाहेरच्या जगाशी जोडणारे तीन मार्ग आयते मिळतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. ० क्रमांकाचा मार्ग आत येणाऱ्या मजकुराचा, म्हणजे स्टँडर्ड इनपुट. १ क्रमांकाचा बाहेर जाणाऱ्या निकालाचा, म्हणजे स्टँडर्ड आउटपुट. २ क्रमांकाचा तक्रारी आणि सूचनांचा, म्हणजे स्टँडर्ड एरर. या क्रमांकांना फाइल डिस्क्रिप्टर असं भारदस्त नाव आहे. आपण त्यांना सरळ तारा म्हणू.

गावातली सभा डोळ्यांसमोर आणा. वक्ता येतो आणि माइकसमोर बोलतो. त्याचा आवाज मंडपावरच्या कर्ण्यातून बाहेर पडतोय की रेकॉर्डरमध्ये भरला जातोय, याची त्याला फिकीर नसते. ते ठरवतो साउंडवाला. त्याचं तारा जोडण्याचं काम वक्ता व्यासपीठावर चढण्याआधीच उरकलेलं असतं. प्रोग्रॅम म्हणजे हा वक्ता आणि शेल म्हणजे साउंडवाला.

आपण काहीच सांगितलं नाही, तर शेल तिन्ही तारा टर्मिनललाच जोडलेल्या ठेवतं. ० क्रमांकावर कीबोर्डवरून लिहिलेलं येतं, १ आणि २ क्रमांकांवरचं सगळं पडद्यावर दिसतं. निकाल आणि तक्रार दोन्ही एकाच पडद्यावर येतात, त्यामुळे त्यांच्या तारा वेगळ्या आहेत हे वरवर पाहून लक्षात येत नाही. एखादी तार दुसरीकडे वळवली की फरक दिसतो. तार वळवण्यालाच रिडायरेक्शन म्हणतात.

३. बाणाची तीन रूपं

पहिलं रूप >. ही खूण १ क्रमांकाची तार फाइलला जोडते.

एलएस > यादी

पडद्यावर काहीच दिसत नाही. फोल्डरमधली नावं ‘यादी’ या फाइलमध्ये जातात. अशी फाइल नसेल तर शेल ती तयार करतं. असेल तर आतला मजकूर पूर्ण पुसतं आणि कोऱ्या फाइलला तार जोडतं. ‘पुसू का?’ असं विचारत नाही.

दुसरं रूप >>. हेही तार फाइललाच जोडतं, पण जुना मजकूर राहू देतं आणि नवा त्याच्या शेवटी जोडतं. रोजची नोंद ठेवायची असेल तर हेच वापरायचं.

एको “आजची वर्गणी जमा” >> नोंद

तिसरं रूप <. ते ० क्रमांकाची तार फाइलला जोडतं. मग प्रोग्रॅम कीबोर्डऐवजी फाइलमधून वाचतो. याचा परिणाम पाहायला डब्ल्यूसी ही ओळी मोजणारी कमांड बरी पडते. तिला फाइलचं नाव देऊन पाहू:

डब्ल्यूसी -एल वर्गणी

उत्तर येतं: ४० वर्गणी. आता मध्ये बाण घालू:

डब्ल्यूसी -एल < वर्गणी

या वेळी उत्तर येतं नुसतं ४०. पहिल्या वेळी फाइल डब्ल्यूसीने स्वतः उघडली होती, म्हणून नाव त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या वेळी ती शेलने उघडली आणि तार जोडून दिली. डब्ल्यूसीपर्यंत मजकूर पोचला, नाव पोचलंच नाही. स्क्रिप्टमध्ये केवळ आकडा हवा असतो तेव्हा दुसरी रीत सोयीची पडते.

बाणाचा भाग प्रोग्रॅमकडे जात नसल्यामुळे तो ओळीत कुठेही लिहिला तरी चालतो. ‘> यादी एलएस’ असं उलटं लिहिलं तरी काम तेच होतं. वाचायला अवघड म्हणून कोणी तसं लिहीत नाही, एवढंच.

आज हे सगळं स्वाभाविक वाटतं, पण एकेकाळी ते नवं होतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये युनिक्सचं, म्हणजे लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या प्रणालीचं, काम सुरू केलं. त्याआधी ते मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रणालीवर काम करत होते. आउटपुट फाइलकडे वळवण्याची कल्पना मल्टिक्समध्येही होती, पण त्यासाठी तीन वेगळ्या कमांड द्याव्या लागत. आधी तार फाइलला जोडायची, मग काम करायचं, मग तार परत टर्मिनलला जोडायची. युनिक्सच्या शेलने या तीन पायऱ्यांऐवजी एक बाण आणला. काम संपल्यावर तार परत जोडायची आठवणही ठेवावी लागत नाही, कारण ती जोडणी त्या एका प्रोग्रॅमपुरतीच असते.

४. नावं कुठे गेली?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘सॉर्ट वर्गणी > वर्गणी’ या ओळीवर एंटर दाबल्यावर पुढच्या गोष्टी ओळीने घडतात.

पहिली: शेलला > दिसतो. ‘वर्गणी’ या फाइलला १ क्रमांकाची तार जोडायची आहे, हे त्याला कळतं.

दुसरी: ती जोडणी करताना शेल फाइल कोरी करतं. चाळीस नावं या पायरीवर गेली. सॉर्ट अजून सुरूही झालेला नाही.

तिसरी: आता सॉर्ट सुरू होतो. त्याला ‘वर्गणी’ वाचायला सांगितलंय. तो ती उघडतो, आत काहीच सापडत नाही. शून्य ओळी क्रमाने लावून तो शून्य ओळी परत देतो आणि काम फत्ते झालं असं सांगून निघून जातो.

एरर का आली नाही, तेही इथेच कळतं. सॉर्टच्या दृष्टीने काही बिघडलंच नव्हतं.

यावर उपाय साधे आहेत. सॉर्टला स्वतःचा -ओ हा पर्याय आहे. ‘सॉर्ट -ओ वर्गणी वर्गणी’ असं लिहिलं की निकाल लिहिण्याचं काम शेलकडे न जाता सॉर्टकडेच राहतं, आणि सॉर्ट सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतो. दुसरा उपाय कुठल्याही कमांडला चालतो. निकाल वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्यायचा, तो बरोबर आहे हे पाहायचं आणि मग एमव्ही कमांडने जुन्या नावावर आणायचा. शिवाय बॅशमध्ये ‘सेट -ओ नोक्लॉबर’ असं सांगून ठेवलं, तर > असलेली फाइल पुसायला नकार देतो. मुद्दाम पुसायची असेल तर मग >| असं लिहावं लागतं. शिकण्याच्या काळात हा अडसर घालून ठेवणं शहाणपणाचं.

याच क्रमामुळे आणखी एक कोडं पडतं. सुडो म्हणजे एखादी कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्याची सोय. तरीही ही ओळ ‘परवानगी नाही’ म्हणून अडते:

सुडो एको “नवी ओळ” >> /ईटीसी/होस्ट्स

प्रशासकाचा अधिकार मिळाला तो एकोला. फाइल उघडण्याचं काम मात्र शेलचं, आणि शेल तुमच्या साध्या अधिकारात चाललेलं आहे. सुडो सुरू होण्याआधीच ते त्या संरक्षित फाइलपाशी अडकतं. यावर टी (टाइप करताना टी-ई-ई) नावाची कमांड वापरतात. ती आलेला मजकूर स्वतः फाइलमध्ये लिहिते, आणि -ए पर्याय दिला तर जुन्या मजकुराच्या शेवटी जोडते:

एको “नवी ओळ” | सुडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स

मधली | ही खूण एकोचा निकाल टीकडे पोचवते, ती पुढे येईलच. इथे फाइल टी उघडते आणि अधिकारही टीलाच मिळालेला असतो.

५. तक्रारीची तार वेगळी का?

निकालाची एक आणि तक्रारीची एक अशा दोन तारा ठेवायचं कारण काय? बेल लॅब्जमधली एक गमतीदार घटना त्यामागे आहे, आणि ती तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी सांगितली आहे. १९७० च्या दशकात तिथे फोटोटाइपसेटर, म्हणजे छपाईसाठी प्रकाशाने अक्षरं उमटवणारं यंत्र आलं. त्यातून निघालेला कागद रसायनांच्या वासाच्या दुसऱ्या यंत्रातून काढावा लागे, आणि काही मिनिटांनी त्यावर मजकूर दिसू लागे. एका दुपारी अनेकांनी असे कागद धुऊन बाहेर काढले तेव्हा प्रत्येकावर सुरेख जुळवलेली एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता येत नाही. प्रोग्रॅमची तक्रार निकालाच्या तारेवरूनच गेली होती, म्हणून पडद्यावर न दिसता छापून आली. लोक वैतागले, आणि दोनच दिवसांत तक्रारींसाठी स्वतंत्र तार आली.

ही तार वळवायची तर बाणाआधी तिचा क्रमांक लिहायचा. फाइंड ही फाइली शोधणारी कमांड घ्या. तिला सगळी डिस्क धुंडाळायला सांगितलं, की ज्या फोल्डरांत शिरायची परवानगी नाही त्यांच्या तक्रारींचा पडद्यावर पाऊस पडतो आणि खरं उत्तर त्यात बुडून जातं. म्हणून असं लिहितात:

फाइंड / -नेम वर्गणी २> /डेव्ह/नल

/डेव्ह/नल ही खास फाइल आहे. तिच्यात काहीही टाका, ते नाहीसं होतं. तक्रारी तिकडे गेल्या, उत्तर पडद्यावर राहिलं.

क्रमांक आणि बाण यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. ‘एको २ > क्ष’ लिहिलं तर क्ष या फाइलमध्ये २ हा आकडा जातो, कारण सुटा २ शेलच्या लेखी साधा शब्द ठरतो. ‘एको २> क्ष’ लिहिलं तर पडद्यावर रिकामी ओळ येते आणि क्ष कोरी राहते.

निकाल आणि तक्रार दोन्ही एकाच फाइलमध्ये हवे असतील तर २>&१ ही खूण येते. तिचा अर्थ, २ क्रमांकाची तार आत्ता १ क्रमांकाची तार जिथे जोडलेली आहे तिथे जोड. यातला ‘आत्ता’ महत्त्वाचा. या दोन ओळी पाहा:

फाइंड / -नेम वर्गणी > नोंद २>&१

फाइंड / -नेम वर्गणी २>&१ > नोंद

शेल जोडण्या डावीकडून उजवीकडे करतं. पहिल्या ओळीत १ क्रमांकाची तार ‘नोंद’ला लागली, मग २ क्रमांकाची तिच्या मागोमाग तिथेच लागली. दोन्ही फाइलमध्ये गेलं. दुसऱ्या ओळीत २ क्रमांकाची जोडणी आधी झाली. त्या क्षणी १ क्रमांकाची तार पडद्यावरच होती, म्हणून २ क्रमांकाचीही पडद्यावरच राहिली. नंतर १ फाइलकडे गेली, पण २ तिच्यामागे गेली नाही. एकदा जोडलेल्या दोन तारा पुढे एकमेकींना बांधलेल्या राहत नाहीत.

६. मध्ये फाइल नको असेल तर

एका प्रोग्रॅमची १ क्रमांकाची तार थेट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ० क्रमांकाला जोडली की पाइप होतो. त्याची खूण |. एका प्रोग्रॅमचं बाहेर पडणारं दुसऱ्याला जोडावं, ही कल्पना बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच टिपून ठेवली होती. त्यांच्या आग्रहामुळे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाइप युनिक्समध्ये आले.

कॅट वर्गणी | सॉर्ट | हेड -एन ५

इथे कॅट फाइल वाचून देतो, सॉर्ट क्रम लावतो आणि हेड पहिल्या पाच ओळी दाखवतो. पाइपबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. त्यातले सगळे प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतात, एक संपल्यावर दुसरा असा प्रकार नसतो. आणि पाइपमधून फक्त १ क्रमांकाच्या तारेवरचं पुढे जातं, तक्रारी पडद्यावरच येतात.

७. डॉलर आणि कंस

आता $( ) कडे येऊ. समजा बॅकअपच्या फाइलच्या नावात आजची तारीख हवी. तारीख रोज बदलते, त्यामुळे ती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवता येत नाही. डेट ही कमांड तारीख सांगते, पण सांगते ती पडद्यावर. तिचं उत्तर आपल्या ओळीत आणायचं कसं?

आज=$(डेट +%एफ)

या ओळीने ‘आज’ या नावाखाली २०२५-०८-२७ अशा रूपातली तारीख साठवली जाते. पुढे कुठेही $आज लिहिलं की ती तारीख मिळते. (अशी नावं फाइलींसारखी मराठीत चालत नाहीत, ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.) बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली नाही, हे नीट पाहून घ्या. जागा सोडली तर शेल ‘आज’ नावाची कमांड शोधायला निघतं.

याला कमांड सब्स्टिट्यूशन म्हणतात. कंसातली कमांड चालवायची आणि तिच्या जागी तिचं उत्तर ठेवायचं. आतून पाहिलं तर हे तारा वळवण्याचंच काम आहे. कंस दिसला की शेल स्वतःची एक प्रत काढतं. त्या प्रतीची १ क्रमांकाची तार पडद्याकडून काढून मूळ शेलच्या हातात दिली जाते. प्रत कंसातली कमांड चालवते, आणि तारेवरून येणारं सगळं मूळ शेल शेवटपर्यंत ऐकून घेतं. मग शेवटी असलेल्या रिकाम्या ओळी छाटतं आणि उरलेला मजकूर ओळीत कंसाच्या जागी बसवतं. > ने तार फाइलकडे जाते, | ने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे आणि $( ) ने खुद्द शेलकडे.

एवढं पक्कं झालं की त्याचे चार गुण-दोष सांगायचीही गरज उरत नाही, ते आपोआप समजतात.

एक: फक्त १ क्रमांकाची तार वळलेली असते. म्हणून कंसातल्या कमांडने तक्रार केली तर ती पडद्यावरच दिसते, उत्तरात येत नाही. ती उत्तरात हवी असेल तर कंसाच्या आत २>&१ लिहायचं.

दोन: कंसातलं काम शेलच्या प्रतीत होतं. $(सीडी /टीएमपी; पीडब्ल्यूडी) लिहिलं तर उत्तर /टीएमपी येईल, पण कंसाबाहेर तुम्ही होता त्याच फोल्डरमध्ये राहाल. प्रतीने फोल्डर बदलला, तुम्ही बदलला नाही.

तीन: बसवलेल्या मजकुराचे शेल पुन्हा तुकडे करतं. हा दोष सगळ्यात जास्त छळतो. सगळ्यात नवी फाइल उघडून पाहायची आहे, असं समजा:

नाव=$(एलएस -टी | हेड -एन १)

कॅट $नाव

फाइलचं नाव ‘वर्गणी’ असेल तर काही अडत नाही. ते ‘गणपती वर्गणी’ असेल तर कॅट दोन फाइली शोधतो, एक ‘गणपती’ आणि एक ‘वर्गणी’, कारण मधल्या जागेवर शेलने नावाचे दोन तुकडे केले. कॅट “$नाव” असं दुहेरी अवतरणात लिहिलं की नाव एकसंध राहतं. $ ने सुरू होणारं काहीही अवतरणात घालायची सवय लावून घ्यावी. कधी ती नको असते, पण ते प्रसंग थोडे.

चार: कंसात कंस चालतो. चालू फोल्डरचं फक्त शेवटचं नाव हवं असेल तर:

एको “$(बेसनेम “$(पीडब्ल्यूडी)”)”

आतला कंस आधी सुटतो, मग बाहेरचा. कंसाच्या आत अवतरणांची मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून आतली आणि बाहेरची अवतरणं एकमेकांत अडकत नाहीत. जुन्या स्क्रिप्टमध्ये याच कामासाठी उलट्या तिरक्या टिंबासारखी बॅकटिक ही खूण दिसते. ती स्टीफन बोर्न यांच्या शेलमधून आली. ते शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. उघडणारी आणि बंद करणारी खूण एकच असल्यामुळे बॅकटिकमध्ये बॅकटिक घालायचा तर आतल्यापुढे उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि तिसऱ्या थरावर डोकं गरगरतं. डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने १९८० च्या दशकात $( ) आणला, आणि पुढे तो पॉझिक्स या मानकातही आला. बॅकटिक आजही चालतो, पण नवं लिहिताना कंसच वापरावा.

आता एक कोडं. ही ओळ ‘वर्गणी’ पुसेल का?

एको “$(सॉर्ट वर्गणी)” > वर्गणी

पाहताक्षणी वाटतं की पुसेल. पण नाही पुसत. ओळीतले शब्द आधी सोडवायचे आणि बाणांच्या जोडण्या त्यानंतर करायच्या, असा शेलचा नियम आहे. म्हणून कंसातला सॉर्ट आधी चालतो, चाळीस नावं शेलच्या हातात येतात, आणि मगच > फाइल कोरी करतो. तेव्हा नावं सुरक्षित असतात. तरीही ही रीत नेहमीसाठी घेऊ नये. कंसातली कमांड काही कारणाने फसली तर हातात काहीच नसतं, आणि फाइल मात्र पुसलेली असते.

८. सगळं एका स्क्रिप्टमध्ये

‘हिशेब’ नावाच्या फोल्डरचा रोज बॅकअप घेणारी ही छोटी स्क्रिप्ट आहे:

आज=$(डेट +%एफ)

नग=$(एलएस हिशेब | डब्ल्यूसी -एल)

टार -सीझेडएफ “हिशेब-$आज.टीजीझेड” हिशेब २>> चुका && एको “$आज: $नग फाइली” >> नोंद

पहिल्या ओळीत तारीख घेतली. दुसरीत एलएसची १ क्रमांकाची तार डब्ल्यूसीकडे गेली, डब्ल्यूसीची शेलकडे आली आणि फाइलींची संख्या ‘नग’मध्ये बसली. तिसऱ्या ओळीत शेल आधी $आजच्या जागी तारीख ठेवतं, मग २ क्रमांकाची तार ‘चुका’ या फाइलला जोडतं, आणि मग टार सुरू करतं. टार फोल्डरचं एक गाठोडं बांधून ते आकुंचित करतो. && म्हणजे डावीकडचं काम यशस्वी झालं तरच उजवीकडचं कर. म्हणून ‘नोंद’मध्ये ओळ पडते ती बॅकअप खरोखर झाला तरच. दोन्ही ठिकाणी >> आहे, त्यामुळे कालच्या नोंदी आणि कालच्या चुका पुसल्या जात नाहीत.

ही स्क्रिप्ट रात्री दोन वाजता आपोआप चालावी म्हणून क्रॉन या व्यवस्थेकडे सोपवली, तर तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. क्रॉन तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये चालेलच असं नाही, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडीने योग्य ठिकाणी जावं किंवा फाइलींचे पूर्ण पत्ते द्यावेत. आणि क्रॉनच्या यादीतल्या ओळीत % या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, म्हणून डेट +%एफ तिथे न लिहिता स्क्रिप्टच्या फाइलमध्येच ठेवावं.

तिसरी गोष्ट तारांची. रात्री दोन वाजता पडदाच नसतो. ज्या तारा आपण कुठेही जोडलेल्या नाहीत त्यांवरून आलेला मजकूर क्रॉन त्या खात्याच्या नावाने संगणकावरच्याच टपालात टाकतो, आणि ते टपाल बहुतेक लोक कधी उघडत नाहीत. एलएसने ‘हिशेब’ फोल्डर सापडत नाही म्हणून केलेली तक्रार तिथे महिनोन्‌महिने पडून राहू शकते. कारण दुसऱ्या ओळीत आपण २ क्रमांकाची तार वळवलेलीच नाही. क्रॉनच्या यादीत स्क्रिप्टच्या नावापुढे >> सगळंनोंद २>&१ एवढं लिहिलं की तीही तक्रार फाइलमध्ये येते. कुठलीही स्क्रिप्ट निजानीज झाल्यावर चालवायची असेल, तर तिच्या प्रत्येक ओळीपाशी थांबून १ आणि २ या तारा कुठे जातात ते विचारून घ्यावं. एकाही ओळीचं उत्तर ‘पडद्यावर’ असं आलं, तर ती स्क्रिप्ट अजून पुरी झालेली नाही.